घरात सगळ्यांचंच डोकं दुखतं

वसतिगृह, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र जेवणघरात वाचलं आणि अशी किंचाळले की वाढणाऱ्या बाईंच्या हातातला डाव खाली पडला. चौथा महिना लागला आणि मला आत्ता सांगतेस? आई-बाबांच्या मागे आपण दोघीच होतो. आता तिसरं माणूस येणार. मी मावशी होणार!

माझी बातमी तितकी गोड नाही. गेल्या वर्षी ज्या विषयात गचकले, तोच पुन्हा पुढ्यात आला आहे: शरीररचना आणि शरीरक्रिया. यंदाही नापास झाले तर नर्सिंगच्या शाळेतून गाठोडं बांधायचं. यंदा शिकवायला नव्या बाई आहेत. वर्गात येताना कवटी बगलेत मारून येतात, भाजीवालीने भोपळा आणावा तशी. म्हणून आम्ही त्यांना कवटीबाई म्हणतो. कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला आहे. पहिल्या दिवशी एकीचा त्याला धक्का लागला आणि ती पटकन "माफ करा हं मामा" म्हणाली, तेव्हापासून तो मामा.

कवटीबाई शरीरातली एकेक संस्था घेतात. हाडं झाली, स्नायू झाले, आता रक्ताभिसरण. त्या म्हणतात, पुस्तकातलं शरीर पाठ करू नका, माणसांकडे बघा. इथे मी कोणाकडे बघू? सगळ्या माझ्यासारख्याच धडधाकट. तेव्हा तू मला तुझ्या अंगात काय काय होतं ते सगळं कळवत जा. भाऊजींचं आणि सासूबाईंचंही कळव. तुमच्या तिघांवर मी पास होणार.

तुझी,
टिटवी


२७ नोव्हेंबर

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. डाव पडला तर पडू दे, बाईंना मात्र माफी माग.

आम्ही नव्या जागेत आलो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. गाव उंचावर, थंडी अशी की सकाळी फडकं वाळत घातलं तर संध्याकाळी काठीसारखं उभं राहतं. पण घरात लोखंडी शेगडी आहे. कोळसा घालायचा, झाकण लावायचं, धूर पत्र्याच्या नळीतून भिंतीबाहेर जातो. आणि ह्यांनी काय केलं माहीत आहे? छापखान्यातून बाइंडिंगचा जाड कागद आणि खळ आणली आणि दोन्ही खिडक्यांच्या फटी, वरची जाळी, दाराची चौकट, सगळं पुस्तक बांधावं तसं चिकटवून टाकलं. एका रविवारात. "आता वारासुद्धा परवानगी मागून येईल," म्हणाले. खरंच ऊब छान राहते.

अंगात काय होतं ते विचारलंस. मळमळ होते, डोकं दुखतं, पाय जड होतात. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय पोरं काढली नाहीत? दिवस गेले की होतंच असं." ह्यांचंही डोकं दुखतं, पण ते सरसाच्या वासाने. दिवसभर पुस्तकांच्या पाठी चिकटवायच्या म्हणजे होणारच. जिना चढून आले की मात्र छातीत धडधडतं म्हणतात. सासूबाईंचं डोकं जड असतं, आणि त्याचं कारण मी आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

झालं तुझं समाधान? जेवत जा नीट.

तुझी ताई


४ डिसेंबर

ती. ताई,

घाबरू नकोस, पण भाऊजींना ताबडतोब मोठ्या दवाखान्यात ने. छातीत धडधड, जिना चढल्यावर दम, डोकेदुखी, हे सगळं मी कालच शिकले. हृदय म्हणजे चार खोल्यांचा पंप आहे. त्यातली एखादी झडप नीट मिटत नसेल तर त्याला दुप्पट कष्ट पडतात आणि माणूस "सरसाचा वास, सरसाचा वास" करत बसतो. त्यांना सांग, हृदयाचा आलेख काढल्याशिवाय गप्प बसू नका. आणि त्यांनी काही जड उचलायचं नाही.

मी हे पत्र लिहिताना माझीच नाडी मोजली, ती शंभराच्या वर गेली आहे.

टिटवी


१९ डिसेंबर

चि. टिटवीस,

गेलो होतो तुझ्या मोठ्या दवाखान्यात. दवाखाना टेकडीवर आहे. हे माझ्या पुढे ताडताड चढत गेले, मीच मागे. दिवसभर रांगेत बसलो, छातीला तारा लावल्या, कागद निघाला, आणि डॉक्टर हसत म्हणाले, "घोड्याचं हृदय आहे तुमचं. कोणी सांगितलं यायला?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

घरी आल्यावर जे बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवट असा होता: "तुझ्या बहिणीला सांग, त्या मामाच्या बरगड्या मोज, माझ्या मोजू नकोस. यापुढे या घरात आजाराचा विषय नको." तेव्हा आता तूही काढू नकोस बाई. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे.

मला दुसरंच दुखणं आहे. सासूबाई आठ दिवस त्यांच्या बहिणीकडे राहून आल्या. टवटवीत होऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तिथे एकदाही डोकं दुखलं नाही हो." दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळाला फडकं बांधून बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या घरातच काहीतरी आहे." काहीतरी म्हणजे मी, हे मला कळू नये इतकी का मी मठ्ठ आहे?

आणि वर शेजारणीला सांगतात, "आमच्या सूनबाईंचं डोकं कामाला दुखतं, बाजारात निघाल्या की उतरतं." खरं आहे गं, बाहेर पडलं की मला बरं वाटतं. पण म्हणून मी ढोंग करते का? त्या दिवशी भाजी निवडताना डोळ्यांतून पाणी येत होतं. कांदा नव्हता त्यात.

तुझी ताई


२७ डिसेंबर

ताई,

भाऊजींची माफी मागते असं त्यांना सांग. वर्गातही मी सांगून बसले होते की माझ्या भाऊजींना झडपेचा आजार आहे. आता सगळ्या मला विचारतात, "काय गं, घोडा कसा आहे?" कवटीबाईंच्याही कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "अर्धा धडा वाचून रोग ओळखायचा नसतो, बाई. आधी नीट बघायचं, मग बोलायचं." तेव्हा मी आता रोग ओळखणार नाही.

तुझं मात्र मला स्वच्छ दिसतं आहे, आणि त्याला पुस्तक लागत नाही. सासूबाई तुझं डोकं खातात, म्हणून ते दुखतं. बाहेर पडलं की त्या नसतात, म्हणून बरं वाटतं. एवढंच. पण एवढ्या थंडीत पोटुशी बाई बाजारात फिरते हे मला पसंत नाही. घसरलीस म्हणजे? बाजार भाऊजींना करू दे. तू दारं लावून शेगडीजवळ पाय घेऊन पडून राहत जा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. ऊब आणि विश्रांती, हे दोनच उपाय आहेत. एवढं तरी ऐक माझं.

टिटवी


९ जानेवारी

टिटवे,

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस, हात स्थिर राहत नाही. तू सांगितलंस तसं करते आहे. आठवडा झाला, मी खाली उतरलेली नाही. शेगडीत कोळसा कमी पडू देत नाही. पण बरं काही वाटत नाही गं. उठलं की भिंत फिरते. परवा दुधाचं भांडं उचललं आणि ते कुठे ठेवायचं तेच मला आठवेना. हातातून सुटलं.

त्यावरून मोठं भांडण झालं. सासूबाई म्हणाल्या, "दूध सांडायला तरी अंगात जोर येतो वाटतं." आणि मी, जी आजवर कधी उलटून बोलले नाही, ती म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हापासून या घरात कोणाला सुख नाही. जा तुमच्या बहिणीकडे." त्यांनी शाल घेतली आणि खाली शिंपिणीकडे जाऊन बसल्या. आता रोज तिथेच असतात. जेवायला आणि झोपायला तेवढ्या वर येतात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

हेही ठीक नाहीत. रविवारी सुट्टी होती तर दिवसभर अंथरुणात, दोनदा उलटी. सोमवारी कामावर गेले आणि दुपारपर्यंत बरे. सरसाचा वास रविवारी कुठून आला म्हणावं, पण विषय काढायचा नाही.

एक सांगू? पोटातलं रोज संध्याकाळी पाय मारतं. कालपासून गप्प आहे. दमलं असेल. मीपण दमले आहे. आता झोपते.

ताई


१६ जानेवारी

ताई, ताई,

हे पत्र तू वाचशील तेव्हा तू घराबाहेर असली पाहिजेस. नसलीस तर हे हातात धरून तशीच ऊठ, दार उघड आणि जिना उतर. उरलेलं खाली जाऊन वाच.

आज रक्ताचा धडा होता. बाई सांगत होत्या की तांबडी पेशी म्हणजे हमाल. फुप्फुसातून प्राणवायू पाठीवर घ्यायचा आणि अंगभर पोचवायचा. मग म्हणाल्या, "पण कोळसा कोंडून जळला की एक दुसराच वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. तो आला की हमाल प्राणवायू टाकून त्यालाच मिठी मारतो, आणि सोडत नाही. माणूस श्वास घेत असतो, आणि आतून गुदमरत असतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. मग तो घरात आहे हे ओळखायचं कसं?"

सगळ्या पुस्तकाची पानं उलटायला लागल्या.

बाई म्हणाल्या, "एका घरातली सगळीच माणसं एकदम आजारी पडतात. बाहेर गेली की बरी होतात. घरी आली की पुन्हा आजारी."

ताई, सासूबाई बहिणीकडे बऱ्या होत्या. भाऊजी छापखान्यात बरे असतात, टेकडी धावत चढतात, आपल्या घराचा जिना चढला की दमतात. तू बाजारात बरी होतीस, आणि मी, मी तुला दारं लावून शेगडीजवळ झोपायला सांगितलं.

तुझं पत्र मी बाईंपुढे ठेवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि माझा दंड धरून मला वर्गाबाहेर काढलं. टपाल कचेरीपर्यंत आम्ही जवळजवळ धावत गेलो, कवटी त्यांच्या बगलेत तशीच. छापखान्यात फोन लावला. भाऊजी आले. मी म्हटलं, "भाऊजी, शेगडी विझवा, घरात विषारी वायू आहे." ते म्हणाले, "धूर कुठे आहे आमच्या घरात?" मी म्हटलं, "तो दिसत नाही." ते म्हणाले, "गेल्या खेपेला माझं हृदय गेलं होतं, आता घर गेलं का? काम आहे मला." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर कोणी उचललाच नाही.

मग तार. मी लिहिलं, "ताई मला वाटतं की कदाचित तुमच्या शेगडीमुळे..." बाईंनी कागद ओढून घेतला. "'मला वाटतं' काढून टाक. 'कदाचित' काढून टाक." आणि त्यांनीच लिहिलं: शेगडी विझवा. खिडक्या फोडा. सगळे बाहेर.

तार गेली आहे. मी अजून टपाल कचेरीच्या बाकावरच बसून हे लिहिते आहे. बाई शेजारी बसल्या आहेत.

ताई, पोटातलं हललं का?

टिटवी


१९ जानेवारी

चि. टिटवी हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र तुझ्या ताईच्या सासूचं आहे. मला लिहायची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं आधी लिहिते. तुझी ताई जिवंत आहे. दवाखान्यात आहे. नाकाला नळी लावली आहे. काल डोळे उघडले, मला ओळखलं, आणि तोंड फिरवलं. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

आता काय झालं ते सांगते. मी खाली शिंपिणीकडे बसले होते. तारवाला आला. घरात तार म्हणजे वाईटच बातमी, म्हणून मी तिथेच फोडली. वाचून असा संताप आला म्हणतेस! म्हटलं, ही टिटवी तिकडे बसून आमच्या खिडक्या फोडायला सांगते? बहिणीने कळवलेलं दिसतं सगळं. चांगली जाब विचारते म्हणून तार घेऊन वर गेले.

ती शेगडीजवळ झोपली होती. गाल असे गुलाबी की क्षणभर मलाच वाटलं, काय रूप आलंय पोरीला. हाक मारली. पुन्हा मारली. मग खांद्याला धरून हलवलं तर मान अशी लोळली. तेव्हा माझ्या हातातली तार मला खरी वाचता आली.

खिडकीकडे धावले. माझ्या मुलाने ती अशी चिकटवलेली, दोन्ही हातांनी ओढली तरी हलेना. कोळसा ढवळायची सळई घेतली आणि काच फोडली. मग तिला काखांत धरून ओढत जिन्यापर्यंत आणलं. पोटुशी बाई, किती जड असते! ओरडले, शिंपी वर आला, त्याने तिला खाली नेलं. मग मला आठवलं, शेगडी तशीच आहे. तारेत पहिलं तेच लिहिलं होतं. म्हणून आत गेले, पाण्याची बादली उचलली, आणि पुढचं मला आठवत नाही. शिंपी म्हणतो, त्याची कारागीर माणसं मला शोधत वर आली तोवर बराच वेळ गेला होता. मी शेगडीपाशी पालथी होते. शेगडी विझलेली होती.

शेगडीच्या नळीचं बाहेरचं तोंड काजळीने आणि कसल्याशा काटक्यांनी गच्च बुजलं होतं. माझा मुलगा ते बघून आला आणि दवाखान्याच्या ओसरीवर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

बाळाचं अजून काही सांगत नाहीत. सांगतील तसं कळवीन. मला काही झालेलं नाही.

तुझ्या ताईची सासू


३० जानेवारी

टिटवे,

हे मी बसून लिहिते आहे, आणि हात स्थिर आहे. बघ.

काल डॉक्टरांनी पोटाला तपासायची नळी लावली, बराच वेळ ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्या नळीची टोकं त्यांनी माझ्या कानांत घातली. टिटवे, दूरवर कोणी घाईघाईने चालत येत असावं तसा आवाज होता. पण डॉक्टर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "ठोके चांगले आहेत. बाकीचं जन्मल्यावर बघू." तेव्हा जीव अजून टांगणीलाच आहे.

पहिल्या दिवशी सासूबाई दिसल्या तर मी तोंड फिरवलं. मला भांडणच आठवत होतं, पुढचं काही ठाऊकच नव्हतं. शिंपीण येऊन सगळं सांगून गेली. त्यानंतर त्या आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरून रडायला लागले. त्याच म्हणाल्या, "रडू नकोस, नळी भिजेल." त्या ठणठणीत आहेत. चार दिवसांत घरी गेल्या. इथल्या नर्सला चादर कशी घालावी ते शिकवून गेल्या.

ह्यांनी चाकूने सगळा कागद खरवडून काढला. शेगडी भंगारात दिली. आम्ही सध्या शिंप्याच्या मागच्या खोलीत राहणार. तुला पत्र लिहायला हे रोज बसतात आणि "ती." की "चि." यावर अडून उठतात.

तू दारं लावून झोप म्हणालीस ते मनाला लावून घेऊ नकोस. तू नसतीस तर तारही नसती.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

ती. ताई,

ठोके ऐकू आले हे वाचून मी मामाला मिठी मारली. त्याचा हात निखळला. बाईंनी तो मलाच जोडायला लावला, प्रत्येक हाडाचं नाव घेत.

सासूबाई कशा आहेत? त्यांच्याशी रोज बोलत जा. आज वार कोणता, काल काय जेवलात, असं सहज विचारत जा. त्या चालतात नीट ना? बोलताना मध्येच थांबत नाहीत ना? डॉक्टरांकडे त्यांना पुन्हा एकदा दाखवून घ्या. काही नाही, आपलं असंच. मला प्रत्येक पत्रात त्यांचं सविस्तर कळव.

टिटवी


२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

मागच्या पत्रात तू माझी चौकशी सोडून सगळी सासूबाईंचीच केलीस, तेव्हा मला जरा रागच आला होता. म्हटलं, हिचं पुन्हा सुरू झालं. आता तो राग गेला आहे आणि भीती वाटते आहे.

गेल्या आठवड्यात त्यांनी चहात मीठ घातलं. आम्ही हसलो. मग शिंप्याच्या दुकानातून मागच्या खोलीत यायला निघाल्या आणि रस्त्यावरच उभ्या राहिल्या. दहा पावलांचं अंतर, पण वाट आठवेना. पाय घासत चालतात. काल दुपारी माझ्याकडे बघून त्यांनी ह्यांना विचारलं, "ही बाई कोण? कोणाकडची?" ह्यांनी सांगितलं, "आई, ही आपली." त्या म्हणाल्या, "बरं. दमलेली दिसते, तिला बसायला द्या."

एवढ्या बऱ्या झाल्या होत्या गं! तुला हे आधीच ठाऊक होतं. हो ना? खरं लिही.

ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताई,

हो. ठाऊक होतं. म्हणजे भीती होती. मज्जासंस्थेच्या धड्यात शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी आहेत. ज्यांनी तो वायू जास्त वेळ घेतला त्यांतले काहीजण आधी पूर्ण बरे होतात, आणि काही आठवड्यांनी त्यांचा मेंदू अडखळायला लागतो. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. तुला कळवलं नाही, कारण पोटात बाळ, आणि गेल्या खेपेला मी विनाकारण घाबरवलं होतं. बाईंना विचारलं, "सांगू का?" त्या म्हणाल्या, "आधी बघायला सांग. दिसलं तर मग लपवू नकोस." तर आता लपवत नाही.

दुसरंही तितकंच खरं आहे: यांतले पुष्कळजण काही महिन्यांनी पुन्हा सावरतात. सगळे नाहीत. किती सावरतील ते कोणी सांगू शकत नाही, आणि औषधही फारसं नाही. त्यांना चालवा, बोलतं ठेवा, ओळखीच्या वस्तू जवळ ठेवा. चुकल्या तर रागवू नका. आणि डॉक्टरांना हे पत्र दाखव, ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

ताई, माझी तार होती तुझ्यासाठी. ती त्यांनी वाचली आणि त्याच आत गेल्या. मेंदूचं चित्र काढायला बसले की माझ्या हातून रेघच सरकत नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

टिटवी


१४ मे

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पास झाल्याचं कार्ड पोचलं. ह्यांनी ते शिंप्याला, शिंपिणीला, छापखान्यात आणि तारवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं. पत्र मात्र अजून "चि." वरच अडलं आहे. ते तू समजून घे.

आता बस, आणि मग पुढचं वाच. मुलगी झाली. मंगळवारी सकाळी. रडली अशी की सुईण म्हणाली, हिच्या फुप्फुसांची काळजी नको. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, बोटांना धरून उचललं, डोळ्यांपुढे उजेड फिरवला. म्हणाले, "आज तरी मला काही कमी दिसत नाही. वर्षभर दाखवत राहा." वर्षभर तर वर्षभर. नाक तुझ्यावर गेलं आहे, ते एक सोडलं तर देखणी आहे.

सासूबाई सावरताहेत. एकदम नाही, धुकं उतरावं तसं. मार्चमध्ये मला ओळखायला लागल्या. एप्रिलमध्ये पाय उचलून चालायला लागल्या. लहानपणचं, लग्नातलं, ह्यांच्या गोवराचं, सगळं लख्ख आठवतं. पण हा हिवाळा त्यांच्याकडे नाहीच. तार नाही, खिडकी नाही, काही नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, तुमच्यामुळे आम्ही दोघी आहोत म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोणाची तरी गोष्ट मला चिकटवतेस. मी कशाला लोकांच्या काचा फोडू?" मी पुन्हा सांगितलं, तर पदराने तोंड झाकून लाजल्या.

गंमत नाही गं ही. त्यांनी केलेलं त्यांनाच ठाऊक नाही, मग मी उपकार फेडू कोणाचे? आणि मी त्यांना "जा तुमच्या बहिणीकडे" म्हणाले होते, तेही त्यांना ठाऊक नाही. क्षमा मागायची तरी कशाची? पुष्कळ दिवस मला हे टोचत होतं.

काल दुपारी मी बाळाला पाजत होते. त्या शेजारी बसून दुपट्याची घडी घालत होत्या. घडी घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आपलं कधी भांडण झालं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "खोटं बोलतेस. सासू-सुना एका घरात, आणि भांडण नाही?"

"झालं असेल," मी म्हटलं, "मलाही आता आठवत नाही."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि बाळाला माझ्याकडून घेऊन खांद्यावर टाकलं. "आण इकडे. तुला ढेकर काढता येत नाही हिची."

ये लवकर. सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशीची गाडी धर.

तुझी,
ताई